सविताची पट्टी

ईसीजी काढायचा म्हटलं की आमच्याकडची माणसं आधी केसांवरून कंगवा फिरवतात. शिरपूरचे एक आजोबा तर मुलाच्या लग्नात शिवलेला कोट घालून आले होते. "छातीचा फोटो काढाचा हाये ना बाई? मंग जरा बरं दिसलं पायजे," म्हणाले. मी त्यांना कोट, सदरा, बनियन सगळं उतरवायला लावलं तेव्हा ते असे हिरमुसले, की पट्टी काढून झाल्यावर मी त्यांना कोट पुन्हा घालून दिला आणि माझ्या फोनवर एक खरा फोटो काढला. तो त्यांनी घरी लावला असेल. पट्टी कुठे गेली कोण जाणे.

माझं नाव सुनंदा. वाशिम जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या दवाखान्यांत मिळून बत्तीस वर्षं मी ईसीजी काढले. खेड्यांत मला 'पट्टीवाली बाई' म्हणतात. काम बघायला सोपं. माणसाला आडवं करायचं, मनगटांना आणि घोट्यांना चिमटे लावायचे, छातीवर जेली लावून सहा रबरी फुगे चिकटवायचे आणि म्हणायचं, "आता हलू नका, बोलू नका." आमच्या वऱ्हाडी माणसाला यातलं दुसरं जास्त अवघड जातं. मग यंत्र बारीक चौकटींच्या कागदावर रेघ ओढत जातं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला आधी एक छोटी टेकडी, मग एक उंच सुळका, मग एक मोठी टेकडी आणि पुढे सपाट वाट. पुन्हा तेच. ती रेघ वाचून निदान करणं डॉक्टरांचं काम, माझं काम पट्टी काढून देण्याचं. ही वाटणी मी कितीतरी वर्षं फार मनापासून पाळली. त्याबद्दलच आज लिहायचं आहे.

निवृत्तीला चारेक वर्षं उरली असताना नागपूरहून सरोदे मॅडम आल्या. त्या हृदयाच्या ठोक्यांच्या लयीच्या डॉक्टर. चांगली चालती-बोलती, तरणी माणसं अचानक कोसळून का जातात, याचा त्या अभ्यास करत होत्या. शहरात अशा मृत्यूची काहीतरी नोंद राहते. खेड्यात "अटॅक आला" म्हणतात, नाहीतर "बाहेरचं झालं" म्हणतात आणि राख सावडली जाते. मॅडमना अशा घरी जाऊन विचारपूस करणारं आणि मागे राहिलेल्यांचे ईसीजी काढणारं माणूस हवं होतं. काही बिघाड रक्तातून येतात. आईला असला तर लेकराला असू शकतो.

"मला यंत्र चालवता येणारे पुष्कळ मिळतील, सुनंदाताई," त्या म्हणाल्या. "मला तिथे जाऊन बसता येणारं कुणीतरी पाहिजे."

बसता येणं हे काम आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मढं उठून दोन-तीन महिने झालेल्या घरात जाऊन "शेवटी ती काय करत होती? पाणी मागितलं का? हात-पाय ताणले का?" असं विचारायचं. पहिल्या घरातून मी एक अक्षर न लिहिता परत आले होते. हळूहळू शिकले. आधी आपण गप्प राहायचं. चहा आला तर प्यायचा. फॉर्म पिशवीतून लगेच काढायचा नाही.

लोकांना समजावताना मी विहिरीवरच्या मोटरचं सांगायची. पाइपात गाळ अडकला तर पाणी येत नाही. तो झाला हार्ट अटॅक, रक्ताची नळी चोक होते. पण कधी पाइप साफ असतो, मोटर धड असते आणि लाइनच बिघडते. मोटर नुसती थरथरते, पाणी वर चढत नाही. हृदयाचंही तसं होतं. ते नुसतं थरथरतं आणि माणूस जागच्या जागी पडतो. आमचा अभ्यास या दुसऱ्या प्रकारचा.

मेडशीपासून आत एक गाव आहे. तिथली सविता नावाची बाई गेल्याचं गावच्या आशा कार्यकर्तीनं, आशाताईनं, कळवलं होतं. वय चौतीस. मी एसटीनं मेडशीला उतरले आणि आशाताईच्या स्कूटीवर मागे, मांडीवर यंत्राची पेटी घेऊन गावात गेले. घर धड होतं, सोयाबीन-तुरीची शेती. सविताचा नवरा गजानन ओसरीत खाली मान घालून बसला होता. त्याची आई गिरजाबाई चुलीपाशी. सोळा वर्षांची मुलगी प्रतीक्षा दाराच्या चौकटीला टेकून माझ्या पेटीकडे बघत होती.

"तुमी कोनाच्या?" गिरजाबाईनं विचारलं. मी आडनाव सांगितलं. आमच्या भागात आडनाव सांगितलं की बाकीचं सांगावं लागत नाही. म्हातारीनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं. घरातल्याच कपात चहा दिला. हे मी लिहिते कारण असं प्रत्येक घरात झालं नाही.

गजानन बोलेना. "तुमी कायले पुसून राह्यले?" एवढंच म्हणाला. "गेलेलं मानूस वापस येते का?"

"नाई येत, भाऊ."

"मंग?"

"मंग मागं राह्यलेल्यायसाठी पुसतो."

त्यानं मुलीकडे पाहिलं. पण बोलली ती म्हातारी.

"काईच नाई झालं वं बाई. सकाळपासून वावरात निंदत होती. दुपारी आली, भाकर खाल्ली, इथंसा आडवी झाली. तीन वाजता लाइन येते, मोटर चालू कराची म्हनून फोनात घंटी लावून ठेवली होती. घंटी वाजली. दचकून उठून बसली, माह्याकडं पाह्यलं, अन अशी आडवी झाली." तिनं तळहात उलटा केला. "मले वाटलं, झोप यून राह्यली अजून. म्या फोन बंद केला. तिले हालोलं त..."

पुढचं मी विचारलं नाही. याआधी कधी अशी पडली होती का, एवढं विचारलं.

"ही झाली तवा," तिनं प्रतीक्षाकडे हात केला. "बाळंतपनाच्या पंधरा दिवसांनं. ताट पडलं हातातून कोनाच्या, तं घेरी येऊन पडली. दवाखान्यात नेलं. अशक्ती हाये म्हने, रगत कमी हाये. लोखंडाच्या गोळ्या देल्ल्या."

"अन ही बी पडते," गजानन एकदम म्हणाला. "तिले मिरगी हाये. शाळेत घंटा झाली का एखाद्या वक्ती पडते. गोळ्या चालू हायेत."

मुलीची मान खाली गेली. मी फॉर्म मांडीवरच ठेवला. मॅडमनी आम्हांला शिकवताना एक गोष्ट बजावून सांगितली होती: दचकून पडणारी माणसं दिसली तर आधी पट्टी काढा, बाकीचं नंतर.

आतल्या खोलीत खाटेवर प्रतीक्षाला निजवलं. गिरजाबाई दारात लुगड्याचा पडदा धरून उभी राहिली. मुलगी लाजेनं आक्रसून गेली होती. मी माझे हात आधी एकमेकांवर घासून गरम केले, कारण जेली गार लागते आणि थंडीनं अंग थरथरलं की रेघही थरथरते.

"दुखते का मावशी?"

"अज्याबात नाई. हे यंत्र नुसतं आयकते. आपल्याले काई करत नाई."

"मले मिरगी हाये म्हून माही मैत्रीण डब्बा नाई खात माह्यासंगं."

"तू पडून राय. मी पायतो तुले काय हाये ते."

पट्टी बाहेर येऊ लागली. यंत्रानं वरच्या कोपऱ्यात आपलं मत छापलं होतं, ते मी वाचलं नाही. मी शेवटची टेकडी पाहिली. हे कुणालाही समजण्यासारखं आहे, म्हणून सांगते. ठोका पडला की हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार व्हावं लागतं. ती तयारी मोठी टेकडी उतरते तिथे संपते. ढोबळ हिशेब असा, की ती टेकडी दोन सुळक्यांच्या बरोबर मध्याच्या आत उतरली पाहिजे. प्रतीक्षाची टेकडी मध्य ओलांडून पलीकडे जात होती, आणि तिच्या माथ्यावर एक खाच होती. तिच्या हृदयाला सावरायला वेळ लागत होता. त्या सावरण्याच्या वेळात कुणी दचकवलं, की लाइन बिघडणार. तिला मिरगी नव्हतीच.

मी स्केल लावून चौकटी मोजल्या, पट्टीचा फोटो मॅडमना पाठवला. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. "ताई, तिला घेऊन या. शक्य तितक्या लवकर. आणि आईचा एखादा जुना ईसीजी मिळतो का पाहा."

गिरजाबाईनं कोठीतल्या पत्र्याच्या पेटीतून एक गाठोडं काढलं. सविताचे कागद तिनं मऊ सुती लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवले होते. ईसीजीचा कागद उन्हानं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत पुसट होत जातो. शिकलेल्या घरांतल्या पट्ट्या म्हणूनच पांढऱ्याफटक झालेल्या मी पाहिल्यात. ही अंधारात, सुती कापडात होती. सोळा वर्षांनंतरही रेघ वाचता येत होती.

पहिल्यांदा मला अक्षर दिसलं. 'सवीता', वी दीर्घ. मी ती चूक आयुष्यभर करत आले. खाली डॉक्टरांची सही, 'नॉर्मल'. वर नाव, वय, वेळ, सगळं माझ्या हातचं. आणि मधे रेघ. टेकडी मध्याच्या पलीकडे. माथ्यावर खाच. लेकीची आणि आईची पट्टी एकावर एक ठेवली असती तर जुळली असती.

मला ती बाई आठवली नाही, हे सगळ्यात वाईट. त्या दवाखान्यात तेव्हा दारापासून जिन्यापर्यंत रांग असायची. बाळंतीण, चक्कर, पट्टी, पुढचा. ती तिथे पडून राहिली असेल, मी "हलू नका" म्हटलं असेल, तिच्या छातीवरची जेली कापसानं पुसली असेल. बाळ बाहेर रडत असेल. आणि तोवर मला टेकडी कुठे उतरते ते ओळखता येत होतं. नक्की येत होतं. पण वाचणं माझं काम नव्हतं, म्हणून मी पाहिलंच नव्हतं.

"भेटलं का काई?" गिरजाबाईनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. "हे मी घेऊन जाते." आणि पट्टी फाइलमध्ये ठेवली. त्या दिवशी मी काही बोलले नाही. आधी पोरीचं होऊ दे, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण भ्यालेही होते.

गजाननला नागपूरला यायचं नव्हतं. "मिरगीच्या गोळ्या चालू हायेत," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी दोन आठवड्यांत तीनदा गेले. तिसऱ्यांदा त्यानं खरं ते सांगितलं. "बाई, पोरीच्या जातीले दिलाचा आजार हाये म्हून गावात झालं, त उद्या कोन करते तिले?"

मी काही म्हणायच्या आत गिरजाबाई आतून बाहेर आली.

"गज्या, तिचं लगन कराले ती असाले पायजे का नाई?" ती म्हणाली. "म्या सून समोर मरताना पाह्यली. तू वावरात होता. म्या पाह्यली. आता नात नाई पाहाची मले. तुले याचं नसंल त नोको यू. मी जातो बाईसंगं."

दुसऱ्या दिवशी तिघंही गेली. मी सोबत होते.

नागपुरात तपासण्या झाल्या, निदान पक्कं झालं. मॅडमनी ठोक्यांना आवर घालणाऱ्या गोळ्या सुरू केल्या, मिरगीच्या बंद केल्या, आणि कोणती औषधं कधीही घ्यायची नाहीत त्याची यादी दिली. शिवाय सांगितलं, दचकवायचं नाही. ते ऐकून मला वाटलं, खेड्यात हे कसं जमणार? बैल, ट्रॅक्टर, डीजे, कुकर, भांडणं. पण त्या घरानं ते जमवलं. फोनातली घंटी गेली. गजाननच्या भावानं मोटारसायकलचा कर्कश भोंगा काढून साधा बसवला. हेडमास्तरांनी प्रतीक्षाचा वर्ग घंटेपासून लांबच्या खोलीत हलवला. सकाळी गिरजाबाई नातीच्या उशाशी बसून तिच्या केसांतून बोटं फिरवायची, ती आपोआप डोळे उघडेपर्यंत. एकदा मी सकाळच्या बसनं लवकर पोचले तेव्हा ते पाहिलं. म्हातारी हाक मारत नव्हती, नुसती बोटं फिरवत होती. घरात सगळे हळू बोलायला लागले होते. वऱ्हाडातलं इतकं शांत घर मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्याच दिवशी मी त्यांना छाती दाबायला शिकवलं. शिकवायचा पुतळा नागपूरलाच राहिला होता. मी सोयाबीनचं अर्धं भरलेलं पोतं, आमच्याकडे त्याला कट्टा म्हणतात, अंगणात आडवं केलं. "मानूस पडलं, हाक मारून ओ देत नाई, श्वास धड नाई, की एकानं १०८ ले फोन कराचा, दुसऱ्यानं इथं, मधोमध, दोन्ही हात. कोपर वाकवाचं नाई. दोन इंच खोल. एका मिनिटात शंभराच्या वर."

गजानन कट्ट्यापाशी गुडघ्यावर बसला आणि थांबला. "पोरीच्या छातीवर कसा दाबू बाई? मोडन ना काई."

"मोडू दे. हाड जुळते."

त्याला ते सोसेना. मग गिरजाबाईनंच पदर खोचला, लेकाला बाजूला सारलं आणि कट्ट्यावर अशी तुटून पडली की सोयाबीन शिवणीतून उसळलं. ती दमली तेव्हा गजानन पुढे सरकला. मग त्यानं इतका वेळ दाबलं, की आशाताईला म्हणावं लागलं, "भाऊ, बस करा आता, झालं."

पुढचं वर्ष बरं गेलं. प्रतीक्षा एकदाही पडली नाही. पण गोळ्यांनी तिला थकवा यायचा, मैत्रिणी खेळायच्या तेव्हा ही बसून राहायची. आणि माणसाला बरं वाटू लागलं की गोळ्या नकोशा होतात. हे मी मोठमोठ्या साहेबांमध्ये पाहिलंय, ती तर पोर होती. कुणाला न सांगता तिनं चार दिवस गोळ्या घेतल्या नाहीत. गिलासातलं पाणी पिऊन गोळी कोनाड्यात टाकायची.

चौथ्या दिवशी दुपारी घरामागची विजेची डीपी उडाली. असा आवाज झाला म्हणे, की पाखरं दोन गल्ल्या सोडून उडाली. प्रतीक्षा अंगणात तूर पाखडत होती. सूप हातातून सुटलं आणि ती पडली.

मी तिथे नव्हते. गजाननकडून नंतर ऐकलं तसं सांगते. तो गोठ्यात होता. आईची हाक आली. आला तर पोरगी निळी पडत चाललेली. शेजारणीनं फोन लावला. "मंग मले काईच नाई दिसलं बाई," तो म्हणाला. "पोरगी नाई दिसली. कट्टा दिसला. म्या दाबत गेलो. माय मोजत होती. कट्‍ असा आवाज आला, बरगडी गेली. माय म्हने, थांबू नोको." अॅम्ब्युलन्स यायच्या आधीच प्रतीक्षानं मोठा श्वास घेतला आणि कण्हली. थरथरणारं हृदय कधी आपोआप लयीवर येतं. पण तोवर मेंदूला रक्त पोचवत राहावं लागतं. ते तिच्या बापाच्या दोन हातांनी पोचवलं होतं.

तिला नागपूरला हलवलं. मॅडमनी तिच्या खांद्याखाली, कातडीच्या आत काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. लय बिघडली तर ते आतूनच झटका देऊन ठोका जागेवर आणतं. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. प्रतीक्षा उशीला टेकून बसली होती. "मावशी, हसलं का दुखते," म्हणाली आणि हसली.

बाहेर व्हरांड्यात गजानन आणि गिरजाबाई बाकावर होते. इतर पेशंटांचे नातेवाईकही होते. मला पाहताच गजानन उठला आणि सगळ्यांसमोर वाकून त्यानं माझ्या पायाला हात लावला. "हे बाई हायेत," तो लोकांना सांगू लागला. "यायनं वाचोलं माह्या पोरीले."

ते मला सोसवलं नाही. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी दोघांना व्हरांड्याच्या टोकाला नेलं, फाइल उघडली आणि पट्टी त्याच्या हातात दिली.

"भाऊ, हे सविताचं हाये. प्रतीक्षा झाली तवाचं. हे अक्षर माह्यं हाये. पट्टी म्या काढली होती."

त्याला कळेना. मी नखानं टेकडी दाखवली, मध्य दाखवला. मग लेकीच्या पट्टीचा फोटो फोनवर दाखवला. तो एकाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिला.

"म्हंजे हे तवाबी असंच होतं?"

"हो."

"दिसत होतं?"

"दिसत होतं. म्या पाह्यलं नाई. डॉक्टरच्या हातात देल्लं अन पुढचा मानूस बोलावला. वर्षभर तुमाले सांगतलं नाई, हे बी माह्यंच चुकलं."

"तवा या गोळ्या भेटल्या असत्या, त सविता असती?"

खोटं बोलायला फार जागा होती. "पक्कं कोनीच सांगू शकत नाई," मी म्हणाले. "पन मले वाटते, असती."

त्यानं पट्टी घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि जिना उतरून गेला. मी गिरजाबाईकडे वळले. तिनं हात वर केला. "आता मले काई बोलू नोका, बाई," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं.

मॅडमना मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सही ज्याची आहे त्यालाही दिसायला हवं होतं. पण तुम्हांला हे ऐकून बरं वाटणार नाही."

"नाही," मी म्हणाले.

"मग आपण काय करू या?"

आम्ही जुने गठ्ठे काढले. जिथे जिथे मी काम केलं होतं आणि जिथे परवानगी मिळाली तिथल्या, 'चक्कर', 'घेरी', 'मिरगी' असं लिहिलेल्या पट्ट्या मी स्केल घेऊन पुन्हा पाहिल्या. पुष्कळशा पार उडून गेल्या होत्या, कागद नुसता पांढरा. काहींवर काही सापडलं. त्यातल्या काही घरी वेळेवर पोचलो. एका घरी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. तिथे मी नुसती बसून आले. नवीन मुलामुलींना शिकवायची पाळी आली तेव्हा मी पहिल्याच दिवशी सांगायची, की वाचणं आपलं काम नाही असं तुम्हांला कुणीही सांगेल. तरी वाचा, आणि शंका आली तर पट्टी हातात घेऊन डॉक्टरांच्या टेबलापाशी उभे राहा, ते रागावले तरी.

गजाननच्या घरून मला फोन आला नाही. प्रतीक्षाच्या तपासण्यांची खबर मॅडमकडून कळायची. यंत्र ठीक, गोळ्या चालू, बारावी झाली, कॉलेजात नाव घातलं. गावात आशाताईकडे जाणं व्हायचं, पण त्या गल्लीत मी शिरले नाही. गिरजाबाईनं एकदा माझी चौकशी केली, असं आशाताई म्हणाली. काय विचारलं, ते मी विचारलं नाही.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात, सकाळच्या गर्दीत, माझ्या खोलीच्या दारात गजानन उभा दिसला. केस पिकले होते. मागे प्रतीक्षा होती. तिच्या बाजूला एक बाई, दोन लेकरं. बाईचा चेहरा, गजाननच्या घरी फोटोत पाहिलेल्या सविताच्या वळणाचा.

"ही माही साळी, मंगला. इंझोरीले राह्यते," तो म्हणाला. त्यानं नमस्कार केला नाही, हसलाही नाही. "तुमच्या मॅडम तवाच म्हनत होत्या, मायेरच्यायचे बी काढा म्हून. हिच्या घरचे आयकत नव्हते. दोन वर्षं मांगं लागलो तवा आली. हिचं काढा. लेकरायचं बी काढा." मग तो माझ्याकडे सरळ पाहत म्हणाला, "पन नीट पायजा, बाई."

"पायतो," मी म्हणाले.

रांगेतल्या लोकांना मी थांबायला सांगितलं. मंगलाची पट्टी काढली. दोनदा काढली. पंखा बंद करून, स्केल लावून, प्रत्येक टेकडी मोजली. ठीक होती. मुलगा बारा वर्षांचा, त्याचीही ठीक. मुलगी नऊ वर्षांची, तिला खाटेवर चढवून निजवावं लागलं. तिची पट्टी यंत्रातून बाहेर येताना मी उभ्यानं पाहत होते, आणि तिसऱ्या ठोक्यालाच मला कळलं. तरी पूर्ण काढली. पुन्हा काढली. मोजली. मंगला ठीक असली तरी बिघाड तिच्यात लपून लेकीत उतरला असेल. असं होतं, पट्टीवर प्रत्येकाचं दिसत नाही, म्हणून मंगलालाही मॅडमकडे न्यायला हवं होतं.

"भाऊ," मी म्हणाले. "हिची टेकडी बी लांबली हाये."

मंगला रडायला लागली. लहानगी आईकडे बघून घाबरली. मी खुर्ची पुढे ओढली, म्हटलं आता सगळं समजावून सांगावं. पण गजानन खाटेच्या बाजूला उकिडवा बसला होता आणि पट्टी त्यानं माझ्या हातातून आधीच घेतली होती.

"रडू नोको, मंगले. आयक," तो म्हणाला. "हा सुळका म्हंजे ठोका. ही टेकडी म्हंजे दिल पुढच्या ठोक्यासाठी तयार होऊन राह्यलं. ते इथलोक संपाले पायजे, हिचं तिथलोक जाते. गोळ्या भेटतात. रोज घ्याच्या, एक दिवस बी चुकवाच्या नाई, बरं वाटलं तरी नाई. फोनात घंटी लावाची नाई. झोपेतून उठोताना हात फिरवाचा, आवाज नाई द्याचा. दुसरी कोनती दवाई द्याच्या आधी डॉक्टरले यादी दाखवाची. अन छाती दाबाची कशी, ते तुले अन तुह्या नवऱ्याले मी येऊन शिकोतो."

प्रतीक्षानं ओढणी थोडी बाजूला केली, मावसबहिणीचा हात धरून तिची बोटं आपल्या खांद्याखालच्या उंचवट्यावर ठेवली. "हे पाय. दुखत नाई," ती म्हणाली. मुलीनं हळूच चाचपून पाहिलं.

मी पुढे ओढलेल्या खुर्चीवर तशीच बसून राहिले. गजानन बोलत होता, मंगला डोळे पुसत ऐकत होती, बाहेर रांग चुळबुळत होती. त्याच्या सांगण्यात दुरुस्त करण्यासारखं एक अक्षरही नव्हतं.